दाता मिळाला

पोटावरची चिकट जेल कागदानं पुसत ताईनं विचारलं,

“उतरली ना?”

सोनोग्राफीच्या यंत्रावर बसलेली मुलगी पडद्याकडेच बघत राहिली.

“डॉक्टर सांगतील.”

चांगली बातमी असली की माणसं ती अशी दुसऱ्यावर ढकलत नाहीत, एवढं ताई या काही महिन्यांत शिकली होती. कमरेत सैल झालेले कपडे तिनं पिनेनं आवळले आणि ती डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसली. खुर्चीची गादी एका बाजूला दबली होती. आतला फोम हलक्या प्रतीचा होता. एरवी तिनं ते बोलून दाखवलं असतं.

डॉक्टरांनी मागचा आणि आताचा असे दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. मग त्यांनी ताईच्या मनगटाकडे पाहिलं.

“वजन बरंच उतरवलंत.”

“तुम्हीच सांगितलं होतं.”

“थोडं उतरवा म्हटलं होतं. कसं उतरवलंत?”

“जेवण बंद केलं. काकडी, उकडलेलं काहीतरी, पाणी. आणि चालते.”

“किती?”

“पाय चालतील तितकं.”

डॉक्टरांनी अहवालाच्या कडेला काहीतरी लिहिलं. ताईचा स्वभाव त्यांना माहीत असता तर त्यांनी सांगतानाच हात राखून सांगितलं असतं. भावाबहिणीचं सोफे-खुर्च्या नव्यानं मढवायचं दुकान होतं, आणि तिथलं गिऱ्हाईक ताईला ओळखून होतं. कुणी नुसती एक स्प्रिंग बदला म्हणून खुर्ची आणली, तरी ताई ती लाकडापर्यंत उसवायची. जुनं सगळं उपसून काढल्याशिवाय नवं नीट बसत नाही, असं तिचं म्हणणं. भाऊ बारक्या तिला चिडवायचा, ‘ताईला सुई माग, ती दाभण देते.’ यकृतावर चरबी आहे, ती उतरल्याशिवाय भावाला त्यातला तुकडा देता येणार नाही, हे ऐकल्यावर तिनं स्वतःलाही तसंच उसवायला घेतलं होतं.

“चरबी वाढलीय,” डॉक्टर म्हणाल्या.

ताईला वाटलं, त्यांनी कागद उलटे धरलेत.

“मी खातच नाही, तर येणार कुठून? आडातच नाही तर...”

“आडात आहे. तुमच्या अंगावर होती ना, ती तिथे जातेय.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “झोप किती लागते?”

“झोपेचं काय विचारता.”

“तेच विचारतेय. हे बघा, तुम्ही भावासाठी उपाशी आहात हे शरीराला कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की संकट आलंय. अशा वेळी कॉर्टिसोल नावाचं एक संप्रेरक रक्तात वाढतं. ते अंगावरची चरबी सुटी करतं. पळायला, लढायला ताकद लागेल म्हणून. ती रक्तातून यकृतात जाते. संकट थोडा वेळ असलं तर ठीक. पण ते महिनोन्‌महिने टळलंच नाही, तर यकृत ती चरबी नीट जाळेनासं होतं आणि साठवत बसतं. प्रत्येकाचं असं होत नाही. तुमचं झालंय असं मला वाटतं. उपासमार, जागरणं आणि धास्ती, तिन्ही एकदम.”

“म्हणजे मीच केलं.”

“तसं नाही म्हणत मी.”

पण म्हणायला उरलं काय होतं? असं यकृत कापून दिलं तर ते भावाच्या पोटात धड रुजणार नाही, आणि ताईच्या पोटात उरलेला भाग धड वाढणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. दोघांनाही आगीतून फुफाट्यात टाकायला त्या तयार नव्हत्या.

“मग आता काय करू?”

“नीट जेवा. झोपा. काळजी करू नका.” शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “सांगायला सोपं आहे. कळतं मला.”

बाहेर बाकावर भावजय बसली होती. ताईनं तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि अहवाल स्वतःच्या पिशवीत ठेवला.

बारक्या हा ताईचा धाकटा भाऊ. चाळिशी ओलांडलेला, चांगला दांडगा, एकट्यानं सोफा उचलणारा. पण ताईच्या तोंडी लहानपणचं बारक्या बसलं ते बसलंच. आता आजारानं त्याला नावाप्रमाणे करून ठेवलं होतं. हातपाय काड्यांसारखे, डोळे पिवळे आणि पोट तेवढं पाण्यानं फुगलेलं. त्याच्याच शरीरानं त्याच्या यकृतावर हल्ला केला होता. दारूला तो आयुष्यात शिवला नव्हता, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारायचा, ‘पूर्वी घ्यायचा का हो?’ लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार. भावजयीचा रक्तगट जुळत नव्हता. बाकी जवळचं कुणी उरलं नव्हतं. मृताचं यकृत मिळण्याच्या यादीत नाव होतं, पण त्याच्या वरती इतकी नावं होती की डॉक्टर तो विषय स्वतःहून काढत नसत. राहता राहिली ताई.

त्या दिवसापासून भावजय ताईच्या समोर जेवायला बसू लागली. स्वतःचं ताट बाजूला ठेवून ती ताईचं ताट बघायची. मग एकदा भांडी आवरताना पाठमोरीच म्हणाली,

“ताई, एक विचारू? राग मानू नका.”

“विचार.”

“दुकानात असताना तुम्ही मधे काही खाता का? मी यांना सांगणार नाही.”

ताईनं हातातलं ताट तसंच धरून ठेवलं.

“नाही खात.”

“मग वाढलं कसं?” भावजय अजून वळली नव्हती. “द्यायचं नसेल तर तसं सांगा. मी समजून घेईन. पण असं झुलवू नका.”

ताईच्या ते वर्मी लागलं. तरी तिला भावजयीचा राग आला नाही, आणि राग आला नाही याचंच तिला जास्त वाईट वाटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. या बाईवर तर काडीवरच संशय घ्यायची वेळ आली होती.

मग ताई जेवू लागली, आणि काळजी न करण्याच्या कामाला लागली. तेही ती तिच्या पद्धतीनंच करायची. ठरल्या वेळी अंथरुणावर पडायचं, डोळे मिटायचे, श्वास मोजायचे. काळजी आली की ती काढायची, पुन्हा आली की पुन्हा काढायची. आता काळजी वाटतेय, म्हणजे आता चरबी सुटली, आता ती निघाली, आता पोचली, असं तिला अंधारात जाणवायचं. बरगडीखाली हात ठेवून ती पडून राहायची. सकाळी तिचे डोळे आधीपेक्षा लाल असायचे.

बारक्या दुपारचा दुकानात येऊन पडायचा. मढवून तयार असलेला एक लांब सोफा कुणी न्यायला आलं नव्हतं, त्यावर त्याचा मुक्काम. पूर्वी ओठांत खिळे धरून तो दिवसभर बडबडायचा आणि एकही खिळा खाली पडायचा नाही. आता ओठ रिकामे असून बोलायला दम पुरत नव्हता.

“डॉक्टर नक्की काय म्हणाल्या?” त्यानं विचारलं. “बायको नीट सांगत नाही.”

ताईनं शिलाई मशीन थांबवलं नाही. गादीच्या कडेला लावायची पाइपिंगची दोरी कापडात दुमडत, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून तिनं सांगितलं. शरीराला वाटतं घरात चोर शिरलाय. मग ते सगळ्या खोल्यांतलं सामान बाहेर काढतं आणि एकाच खोलीत कोंबतं. चोर काही जात नाही, सामान काही हलत नाही.

“चोर कोण? मी?”

“तू नाही रे. भीती.”

“कसली भीती?”

ताईनं कापड सुईखाली पुढे सरकवलं. बारक्या छताकडे बघत हसला.

“बघ म्हणजे गंमत. मी मरेन या भीतीनं तू मला मारतेयस.”

मशीन थांबलं. बारक्यानं मान वळवली. ताई दोन्ही हात कापडावर पसरून बसली होती, आणि कापडावर टपटप थेंब पडत होते. गिऱ्हाइकाचं भारी, फिकट रंगाचं कापड, त्यावर पाण्याचाही डाग राहतो, हे तिला कळत होतं, तरी ती मागे सरकत नव्हती.

“ताई, चेष्टा केली.”

“माहीत आहे.”

“मग?”

“खरी आहे ना.”

 बारक्या उठला, भिंतीला धरत तिच्यापर्यंत आला आणि तिच्या हाताखालून कापड काढून त्यानं ते घडी करून ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात त्यानं सांगितलं, की दाता मिळाला.

“हिचा मावसभाऊ,” भावजयीकडे बोट करून तो म्हणाला. “परगावी असतो. रक्तगट जुळला. तरणाबांड आहे, यकृत अगदी कोरं करकरीत.”

“तो तयार झाला?” ताईनं विचारलं.

“झाला. थोड्या तपासण्या राहिल्यात तिकडे, त्या झाल्या की येईल. तू सुटलीस. आता तुझं ते जुनाट यकृत तुलाच ठेव.”

भावजय जमिनीकडे बघत होती. ताईला वाटलं, आपल्यावर संशय घेतल्याची तिला लाज वाटतेय. ताई उठून तिच्याजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “मोठ्या मनाचा आहे गं तुझा भाऊ.” भावजय मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या रात्री ताई झोपली ती उन्हं वर आल्यावर उठली. मग रोजच झोपू लागली. मशीनवर बसल्या बसल्याही तिचा डोळा लागायचा. जेवणाला चव आली. चालायला जायची तीही आता रमतगमत, वाटेत कुणाशी बोलत. दुकानात दोन मोठी कामं आली. ती तिनं एकटीनं उरकली, तीही पुरती न उसवता. आपल्याला द्यावं लागणार नाही याचा आनंद झाला की भाऊ वाचणार याचा, हे तिनं स्वतःला एकदाच विचारलं. उत्तर दोन्हीकडून येत होतं, म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही.

बारक्या मात्र आणखी खंगत चालला होता. पोटातलं पाणी काढायला आता वरचेवर जावं लागायचं. शस्त्रक्रियेच्या आधी काही औषधं बंद ठेवावी लागतात म्हणून असं दिसतंय, असं त्यानं सांगितलं, आणि ताईनं ते मानलं. तो मावसभाऊ फोनवर कधी बोलत कसा नाही, त्याच्या तपासण्या संपत कशा नाहीत, हे प्रश्न तिला पडले नाहीत असं नाही. पण झोप लागत होती, आणि झोपलेल्या माणसानं डोळ्यांवर ओढून घेतलेलं कातडं कोण बाजूला सारतं?

एके दिवशी भावजय म्हणाली,

“ताई, तुमचं एकदा तपासून घेऊ या. आता देण्याचा प्रश्न नाही, पण तुमच्या स्वतःच्या तब्येतीसाठी. यांना नका सांगू, उगीच हसतील.”

पुन्हा तीच जेल, तोच पडदा. या वेळी यंत्रावरची मुलगी डॉक्टरांवर ढकलायला विसरली. “अरे वा,” ती म्हणाली. डॉक्टरांनीही कागद एकदाच पाहिला.

“मी म्हटलं होतं ना. चरबी उतरली, देण्याच्या नियमात बसतंय आता. रक्ताच्या तपासण्या करून घेऊ, आणि लगेच तारीख...” त्या थांबल्या. “पण तुमच्या भावानं मला सांगितलं होतं, बहिणीला यातून मोकळी करा म्हणून. त्यांचा विचार बदलला का?”

“मोकळी म्हणजे? तो दुसरा दाता आहे ना.”

“दुसरा कुठला?”

ताईनं भावजयीकडे पाहिलं. भावजयीनं दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली होती.

“मला मावसभाऊच नाही, ताई,” ती म्हणाली. “एकही नाही. यांनी शपथ घातली होती. तू बोललीस तर मी औषधं बंद करीन, म्हणाले. तुमची झोप त्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायची. खूश व्हायचे. मी मात्र...” तिनं पर्सचा बंद मनगटाला गुंडाळला. “मी रोज तुमचं ताट बघायचे. आज जेवलात, आज झोपलात, आज थोडी उतरली असेल. त्यांनी तुम्हाला सोडलं होतं. मी नव्हतं सोडलं.”

ताईला राग यायला हवा होता. पण दुसरंच काहीतरी वर उसळलं. बसतंय. आता बसतंय. ती उभी राहिली.

“चल. आधी त्याला सांगू.”

घरी बारक्या थंडीनं कुडकुडत पडला होता. अंगावर दोन पांघरुणं, तरी दात वाजत होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला. पोट दगडासारखं कडक होतं. गाडीत त्याचं डोकं ताईच्या मांडीवर होतं, आणि तिथे तिनं त्याला सांगितलं, की चरबी उतरली, डॉक्टर तारीख देताहेत.

“हिनं सांगितलं वाटतं,” डोळे न उघडता तो म्हणाला.

“खोटं का बोललास?”

“तू कापड भिजवत होतीस. डाग पडला असता.”

“बारक्या.”

“झोपत होतीस ना पण?”

“घोरत होते.”

“ऐकत होतो की.” त्याला धाप लागली. “बरं वाटायचं.”

यानंतर तो बोलला ते असंबद्ध बोलला. कुठल्यातरी सोफ्याचे पट्टे सैल राहिलेत, ते ओढून घ्या, असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर ताईशी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या बोलल्या. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते आणि ते रक्तात पसरले होते. ते आटोक्यात आल्याखेरीज शस्त्रक्रिया करता येत नाही. आले, तर एक दिवसही वाया घालवायचा नाही. तोवर ताईनं आहे तसं राहायचं. जेवायचं, झोपायचं.

“आणि नाही आले तर?”

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ ठेवला, आणि त्या जिन्यानं खाली गेल्या.

ताई बाकावर बसली. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. छाती धडधडत होती, तळहात ओले झाले होते, आणि हे सगळं काय आहे हे तिला आता डॉक्टरांइतकंच माहीत होतं. सुटली. निघाली. तिनं बरगडीखाली हात दाबून धरला.

काचेपलीकडे बारक्याच्या खाटेभोवती माणसं वाढली होती. एक परिचारिका नवी बाटली लावत होती, दुसरी ओल्या कपड्यानं त्याचं अंग पुसत होती, तो कपडा पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवत होती. कुणीतरी भावजयीला दंडाला धरून बाजूला उभं केलं. मग तिला बाहेर जायला सांगितलं.

भावजय बाहेर आली. कोपऱ्यातल्या नळावर तिनं तोंड धुतलं, पदरानं नीट कोरडं केलं. पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि तो ताईच्या मांडीवर ठेवला.

“ताप उतरतोय, ताई.”

“कोण म्हणालं?”

“डॉक्टर म्हणाल्या. आत्ताच.”

डॉक्टर खाली गेल्या त्या अजून वर आल्या नव्हत्या. जिना ताईच्या समोरच होता. तिनं भावजयीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भावजयीनं नजर हलवली नाही. पापण्यांच्या कडा लाल झाल्या होत्या, पण नजर घट्ट रोवलेली होती.

“बरं झालं,” ताई म्हणाली.

तिनं घास घेतला. चावला, गिळला, दुसरा घेतला. डबा संपेपर्यंत ती थांबली नाही. भावजय शेजारी बसून एकेक घास बघत होती.

“आता जरा पडा. मी आहे इथे.”

ताई बाकावर आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. काचेपलीकडून एक यंत्र वाजायला लागलं, धावत जाणारी पावलं तिच्या डोक्याजवळून गेली. भावजय जागची हलली नाही. तिचा हात येऊन ताईच्या खांद्यावर टेकला, झोप लागली का हे बघायला टेकावा तसा. ताईनं श्वास लांब केला, मग संथ केला, आणि भावजयीला खरं वाटेल इतका वेळ तो तसाच चालू ठेवला.